न दिसलेल्या चिमणीची साक्ष

लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या पक्षीसंग्रहात रानपिंगळ्याचं, म्हणजे रानातल्या एका छोट्या घुबडाचं, एक कातडं होतं. त्याला बांधलेल्या चिठ्ठीवर ठिकाण लिहिलं होतं तापीकाठचं मांडवी, म्हणजे आजच्या सुरत जिल्ह्यातलं. साल 1914. पक्षी मिळवणाऱ्याचं नाव, कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन. त्याआधी तीस वर्षं हा पक्षी कुणाच्या हाती लागला नव्हता. त्यामुळे ही चिठ्ठी म्हणजे रानपिंगळ्याच्या हयातीचा शेवटचा दाखला ठरली. कर्नलसाहेबांच्या शब्दावर शंका घ्यायला कुणाला काही कारण दिसलं नाही. पहिल्या महायुद्धात गाजलेला गुप्तचर अधिकारी, पक्ष्यांवर जाडजूड ग्रंथ लिहिलेला विद्वान, आणि 1954 मध्ये सुमारे वीस हजार कातडी म्युझियमला देऊन टाकणारा दाता. असा माणूस चिठ्ठीवर खोटं कशाला लिहील?

चिठ्ठी खोटी होती. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या दोन पक्षीशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये दाखवून दिलं, की ते कातडं मुळात जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्यानं 1880च्या दशकात खानदेशात मिळवलेलं होतं. कर्नलनं ते म्युझियममधून लांबवलं, उसवलं, पुन्हा भरलं आणि स्वतःच्या नावाची चिठ्ठी बांधली. एक्स-रे काढल्यावर आतल्या जुन्या कामात डेव्हिडसनच्या हाताची लकब सापडली.

रासमुसेन यांनी त्याआधीच, 1997 मध्ये, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या सोबत्यांना घेऊन एक साधी गोष्ट केली होती. कर्नलचं मांडवी त्यांनी यादीतून खोडलं आणि ज्यांच्या नोंदी खऱ्या वाटत होत्या त्यांच्या जुन्या ठिकाणी त्या गेल्या. पूर्वेकडच्या ठिकाणी काही मिळालं नाही. मग तेव्हाच्या धुळे आणि आताच्या नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, 25 नोव्हेंबर 1997 रोजी एका निष्पर्ण झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. तब्बल 113 वर्षांनी. डेव्हिडसननं सांगितलं होतं, तिथंच.

पिंगळ्याच्या बोलावरून शकुन-अपशकुन ठरवणाऱ्या मुलखात हे घडावं, ही गंमत वेगळीच. पण या गोष्टीत जो प्रश्न आहे तो पक्ष्यांपुरता नाही. आपल्याला जे ‘माहीत’ असतं त्यातलं बहुतेक दुसऱ्या कुणीतरी सांगितलेलं असतं. स्वतःची जन्मतारीखसुद्धा. मग कुणाचा शब्द ज्ञान म्हणून घ्यायचा आणि कुणाचा नुसताच ऐकून सोडून द्यायचा? शास्त्रज्ञांनी सामान्य माणसांना हाताशी धरून निसर्गाच्या लाखो नोंदी गोळा करायला सुरुवात केल्यापासून, म्हणजे ज्याला ‘सिटिझन सायन्स’ म्हणतात ते फोफावल्यापासून, हा प्रश्न रोजच्या कामकाजाचा झाला आहे. तो सोडवताना संगणकवाले आणि संख्याशास्त्रज्ञ नकळत ज्या वाटांनी गेले, त्या भारतीय दर्शनांच्या वादात पुष्कळ आधी मळलेल्या आहेत.

न्यायदर्शन ज्ञानाची चार साधनं मानतं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यातला शब्द म्हणजे विश्वासू माणसाचं, आप्ताचं, सांगणं. आता ‘आप्त’ म्हटलं की मराठी कानाला नातेवाईक ऐकू येतात, नाहीतर एखादे दाढीवाले ऋषी डोळ्यांपुढे येतात. पण न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनानं, साधारण दीड हजार वर्षांपूर्वी, आप्ताची ओळख दोनच गोष्टींवर बांधली. ज्या गोष्टीबद्दल तो बोलतो ती त्याला स्वतःला थेट कळलेली असावी, आणि जशी कळली तशीच ती दुसऱ्याला सांगावी अशी त्याची इच्छा असावी. एवढंच. कुळ, विद्या, पद यांचा उल्लेखही नाही. उलट तो पुढे मुद्दाम सांगतो, की हे लक्षण ऋषींना, आर्यांना आणि म्लेच्छांना सारखंच लागू आहे. वेदांच्या प्रामाण्यासाठी भांडणाऱ्या परंपरेतल्या माणसानं हे लिहावं, हे थोडं थबकायला लावतं.

या कसोटीवर कर्नल साफ नापास होतो. त्यानं पाहिलेलं नव्हतं, आणि पाहिलं तसं सांगायची इच्छाही नव्हती. विद्वत्ता होती, पण ती इथं गुणांत धरलीच जात नाही. डेव्हिडसन पोटापाण्यासाठी सरकारी नोकरी करणारा हौशी पक्षीनिरीक्षक. तो उत्तीर्ण.

अशा हौशी लोकांचं जाळं तेव्हाही होतं. रानपिंगळ्याचं शास्त्रीय वर्णन 1873 मध्ये करणारा अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम, पुढे काँग्रेसच्या स्थापनेसाठी ओळखला गेलेला तोच, देशभरच्या कलेक्टर, डॉक्टर, इंजिनिअर मंडळींकडून नोंदी आणि कातडी मागवत असे आणि ‘स्ट्रे फेदर्स’ या आपल्या नियतकालिकात छापत असे. या जाळ्याच्या टोकाला पक्षी हेरणारे, मारणारे आणि सोलणारे देशी शिकारी होते. प्रत्यक्ष पाहणारे डोळे बहुधा त्यांचेच. त्यांची नावं मात्र चिठ्ठ्यांवर फारशी येत नाहीत.

आजचं जाळं ‘ई-बर्ड’ नावाचं आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीप्रयोगशाळेनं ऑडुबॉन संस्थेच्या सोबतीनं ते 2002 मध्ये सुरू केलं, आणि भारतात ‘बर्ड काउंट इंडिया’च्या प्रयत्नांतून ते रुजलं. एखादी बाई सकाळी तळ्यावर जाते, तासभर फिरते, दिसलेल्या पक्ष्यांची यादी फोनवर भरते. ती कोण, किती शिकलेली, तिनं याआधी किती पक्षी पाहिले, हे कुणी विचारत नाही. तिची यादी स्वीकारली जाते.

मग तपासणी कुठं आहे? आहे, पण ती वेगळ्या जागी आहे. प्रत्येक प्रदेशासाठी आणि प्रत्येक महिन्यासाठी एक चाळणी लावलेली असते. या भागात, या महिन्यात, या जातीचे साधारण इतके पक्षी दिसू शकतात, अशी ती मर्यादा. नोंद त्या मर्यादेत असली तर सरळ आत जाते. पावसाळ्याच्या ऐन मध्यावर कुणी थंडीतल्या पाहुण्या बदकांचा थवा नोंदवला, किंवा कोकणात कुणाला माळढोक दिसला, तर नोंद अडते. मग स्थानिक परीक्षक, तोही स्वयंसेवकच, विचारतो: फोटो आहे का? आवाज रेकॉर्ड केला का? कशावरून ओळखलंत?

मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाचे लोक, आणि नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे, ज्या प्रश्नावर शतकानुशतकं भांडले तो इथं शांतपणे निकालात निघालेला दिसतो. कुमारिल भट्टासारखे मीमांसक म्हणत, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. ते खोटं ठरवणारं काही समोर येईपर्यंत खरं धरायचं. प्रत्येक ज्ञानासाठी दुसरा साक्षीदार मागत बसलात तर त्या साक्षीदारालाही साक्षीदार लागेल आणि माणूस घराबाहेर पाऊल टाकू शकणार नाही. नैयायिक म्हणत, तसं नाही. ज्ञान खरं आहे हे बाहेरून कळतं. त्यावर विसंबून केलेली कृती यशस्वी होते का, इतर प्रमाणांशी ते जुळतं का, यावरून. ई-बर्ड नेहमीच्या पक्ष्यांबाबत मीमांसक आहे आणि दुर्मिळ पक्ष्यांबाबत नैयायिक. कावळा पाहिला म्हणणाऱ्याकडे कुणी पुरावा मागत नाही. मागायला लागलं तर काम ठप्प होईल, हा कुमारिलाचाच युक्तिवाद.

डेव्हिड ह्यूम (पक्षीवाल्या ह्यूमशी नामसाधर्म्याखेरीज त्याचा संबंध नाही) या स्कॉटिश तत्त्वज्ञानं 1748च्या आपल्या चमत्कारांवरच्या निबंधात असाच पेच मांडला आहे. त्यात एक हिंदुस्थानी राजा येतो. थंडीत पाणी गोठतं, ही बातमी तो मानायला तयार नाही. ह्यूमच्या मते राजाचं चुकलं नाही. त्याच्या अनुभवाच्या चाळणीत बर्फ बसतच नव्हता. ई-बर्डचा परीक्षक त्या राजाच्याच जागी बसलेला असतो. फरक एवढाच, की तो राजासारखा दार लावून घेत नाही. पटली नाही तर नोंद सार्वजनिक नकाशात जात नाही, पण ती पाहणाऱ्याच्या स्वतःच्या यादीत जशीच्या तशी राहते. ‘तू खोटं बोललास’ असं त्याला कुणी म्हणत नाही. ‘आम्हाला अजून पटलेलं नाही’ एवढंच. या सभ्यतेचं श्रेय संगणकापेक्षा ती पद्धत घडवणाऱ्या माणसांना द्यायला हवं. आपल्याकडच्या चर्चासत्रांतून ती सभ्यता क्वचितच भेटते.

शीर्षकातल्या चिमणीपर्यंत येण्याआधी आकाशात एक फेरी मारावी लागेल, कारण वात्स्यायनाच्या व्याख्येतली फट तिथं उघडी पडते.

जुलै 2007 मध्ये ‘गॅलक्सी झू’ हा प्रकल्प सुरू झाला. स्लोन या आकाश-सर्वेक्षणाच्या दुर्बिणीनं टिपलेल्या सुमारे नऊ लाख दीर्घिका लोकांसमोर ठेवल्या गेल्या. दीर्घिका गोल आहे की सर्पिल, आणि सर्पिल असेल तर तिचे हात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं वळलेत की उलट, एवढंच सांगायचं. वर्षभरात एक लाखाहून जास्त लोकांनी कोट्यवधी उत्तरं दिली. हॅनी व्हान आर्केल या डच शिक्षिकेला एका दीर्घिकेखाली चमकणारा विचित्र ढग दिसला आणि तिनं ‘हे काय आहे?’ असं विचारलं. खगोलशास्त्रज्ञांपाशीही तयार उत्तर नव्हतं. आज तो ढग तिच्या नावानं ओळखला जातो. अशा गोष्टी वर्तमानपत्रांना आवडतात आणि त्या छापून आल्याही. पण तत्त्वज्ञानाच्या दृष्टीनं जास्त मोलाची गोष्ट दुसरी होती.

लोकांच्या उत्तरांत घड्याळाच्या उलट दिशेनं फिरणाऱ्या दीर्घिका जास्त निघाल्या. हे खरं असतं तर विश्वाला एक कल आहे असं म्हणावं लागलं असतं, आणि विश्वशास्त्राचा पायाच हलला असता. शास्त्रज्ञांनी काय केलं? काही चित्रं आरशातल्या प्रतिबिंबासारखी उलटी करून पुन्हा लोकांपुढे ठेवली. कल विश्वात असता तर आता उत्तरंही उलटायला हवी होती. ती उलटली नाहीत. लोकांना पुन्हा घड्याळाच्या उलट दिशेच्याच दीर्घिका जास्त दिसल्या. कल बघणाऱ्यांच्या नजरेत होता.

या लोकांपैकी कुणी खोटं बोललेलं नव्हतं. प्रत्येकानं चित्र स्वतः पाहिलं, आणि दिसलं तसंच सांगितलं. आप्ताची दोन्ही लक्षणं पूर्ण. तरी एक लाख आप्त एकाच बाजूला चुकले. लोक पुष्कळ झाले की चुका एकमेकींना खोडून काढतात, हा भाबडा विश्वास इथं उपयोगी पडत नाही. सगळ्यांची चूक एकाच दिशेची असेल तर गर्दी वाढल्यानं ती आणखी पक्की होते. बौद्ध तार्किक दिङ्नाग यांनी शब्दाला वेगळं प्रमाण मानायलाच नकार दिला होता. दुसऱ्याच्या सांगण्यावरून आपण जे घेतो ते त्यांच्या मते अनुमानच असतं. गॅलक्सी झूच्या गणितज्ञांनी शेवटी तीच वाट धरली. कुणाचं उत्तर इतरांशी किती वेळा जुळतं त्यावरून त्याच्या मताला वजन द्यायचं, आणि मग सगळ्या मतांवरून दीर्घिकेच्या आकाराचं अनुमान काढायचं. साक्षीदाराचा शब्द तिथं धुरासारखा वापरला जातो. त्यावरून आग ओळखायची असते.

आता चिमणी.

‘चिमण्या नाहीशा झाल्या’ हे वाक्य महाराष्ट्रात दोन पिढ्यांच्या तोंडी आहे. मोबाइल टॉवर, काचेच्या इमारती, कीटकनाशकं अशी त्याची कारणंही सगळ्यांना पाठ असतात. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकारानं 2010 पासून 20 मार्चला जागतिक चिमणी दिवस पाळला जातो. त्या दिवशी शाळाशाळांतून घरटी वाटली जातात. वाड्याच्या वळचणीला चिमण्या असायच्या, आता दिसत नाहीत, असं सांगणारे आजोबा अगदी खरं बोलत असतात. त्यांनी पाहिलेलं असतं, आणि आता ते पाहत नाहीत.

पण ‘दिसत नाही’ यावरून ‘नाही’ कधी म्हणता येतं? भारतीय तत्त्वज्ञानातला हा सगळ्यात बारीक वाद असावा. जमिनीवर घागर नाही, हे मला कसं कळलं? घागर नसणं डोळ्यांना दिसतं का? नैयायिक म्हणतात, दिसतं. कुमारिलाच्या परंपरेतले मीमांसक आणि त्यांच्यामागून अद्वैती म्हणतात, डोळे फक्त जमीन पाहतात. घागरीचा अभाव कळायला वेगळं साधन लागतं, त्याचं नाव अनुपलब्धि. म्हणजे न सापडणं हेच प्रमाण. मात्र कुठलंही न सापडणं चालत नाही. वस्तू तिथं असती तर ती नक्की दिसली असती, इतका उजेड होता, इतकं जवळून पाहिलं, डोळे शाबूत होते, अशा स्थितीतलं न सापडणंच ग्राह्य. त्याला योग्यानुपलब्धि म्हणतात. बौद्ध आचार्य धर्मकीर्तींच्या परंपरेत यासाठी पिशाचाचं उदाहरण येतं. पिशाच मुळात दिसणाऱ्यातलं नाही. तेव्हा ‘मला खोलीत पिशाच दिसलं नाही’ यावरून खोलीत पिशाच नाही असं सिद्ध होत नाही. भुताखेतांचा विषय निघाला की हा मुद्दा दोन्ही बाजूंच्या लोकांना अडचणीचा ठरतो.

पक्षीजगतातलं पिशाच म्हणजे रातवा. दिवसा तो पाचोळ्यात असा बसतो की पाय पडेस्तोवर दिसत नाही. दिवसाच्या यादीत रातवा नसणं याला काहीच किंमत नाही.

म्हणूनच ई-बर्डवर यादी भरून झाली की शेवटी जो प्रश्न येतो तो वरवर किरकोळ वाटला तरी सगळ्यात महत्त्वाचा असतो. तुम्हाला ओळखता आलेले सगळे पक्षी या यादीत आहेत ना? की फक्त निवडक टाकलेत? ‘सगळे’ असं उत्तर आलं, की ती यादी दोन प्रकारची साक्ष देऊ लागते. जे लिहिलं ते होतं, ही पहिली. जे लिहिलं नाही ते दिसलं नाही, ही दुसरी. निवडक यादीत चिमणी नसेल तर त्याचा अर्थ ‘लिहायचा कंटाळा केला’ असाही होतो. पूर्ण यादीत ती नसेल, तर नोंदणारा किती वेळ होता, किती चालला, किती वाजता, हे सारं सोबत असल्यामुळे तिचं नसणं मोजता येतं. शंभर पूर्ण याद्यांपैकी किती याद्यांत चिमणी आहे? दहा वर्षांपूर्वी किती याद्यांत होती? ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ या अहवालाचा कणा हाच आहे.

या अहवालाची पहिली आवृत्ती 2020 मध्ये आली. साडेपंधरा हजार पक्षीनिरीक्षकांच्या एक कोटीहून अधिक नोंदी आणि 867 जाती. चिमणीबद्दल त्यातलं उत्तर अनेकांना पचलं नाही. देशभराचा विचार केला तर पंचवीसेक वर्षांत चिमणीची संख्या साधारण स्थिर होती. मुंबईसह सहा महानगरांत मात्र ती हळूहळू घटताना दिसत होती. म्हणजे आजोबा खोटे नव्हते. त्यांची वळचण मुंबईतली होती, एवढंच. गावाकडे चिमण्या दाणे टिपतच होत्या. फक्त ‘आमच्याकडे आहेत’ अशी बातमी कुणी छापत नाही.

नसण्याची साक्ष गोळा करणं माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे. सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून, गाडी काढून, माणूस काहीतरी बघायला जातो. काहीच न दिसल्याची नोंद करायला कोण जाईल? तरी लोक जातात. केरळ बर्ड अ‍ॅटलाससाठी 2015 ते 2020 या काळात हजाराहून जास्त स्वयंसेवकांनी राज्यभरच्या चौकटी वाटून घेतल्या. या चौकटी आधीच ठरलेल्या होत्या. त्यात सुंदर पाणथळ जागा येवो की रबराचा मळा, जायचं, आणि सगळीकडे सारख्याच पद्धतीनं नोंदी करायच्या. ‘सीझनवॉच’ या प्रकल्पात, तोही केरळच्या शाळांत सर्वाधिक रुजलेला, मुलं एखादं झाड निवडतात आणि दर आठवड्याला त्याच्याकडे जातात. फुलं आहेत का: नाहीत, थोडी, पुष्कळ. वर्षातले कित्येक आठवडे मूल ‘नाहीत’ एवढंच लिहितं. बहावा कधी फुलला हे कळण्यासाठी तो कधी फुलला नव्हता हे कुणीतरी इमानानं लिहिलेलं असावं लागतं.

डॅरिल मॅकेंझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये या कल्पनेला गणिती रूप दिलं. एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा जायचं. जिथं प्राणी नक्की आहे तिथंही तो किती फेऱ्यांत दिसत नाही हे पाहायचं. त्यावरून ‘असून न दिसण्याची’ शक्यता काढायची आणि मग न दिसण्याचा अर्थ लावायचा. योग्यानुपलब्धीतल्या ‘योग्य’ या अटीला इथं आकडा मिळाला. ज्यांनी तो काढला त्यांनी कुमारिल वाचला असण्याची शक्यता फार कमी, आणि त्यानं काही बिघडतही नाही. ‘आमच्याकडे हे सगळं होतंच’ असं म्हणून छाती फुगवायची ही जागा नव्हे. आपल्याकडे प्रश्न होता, आणि तो फार चांगला विचारला गेला होता. मोजणी मात्र नव्हती.

पक्ष्यांच्या त्या अहवालाच्या 2023मधल्या दुसऱ्या आवृत्तीत नोंदी तीन कोटींवर गेल्या, निरीक्षक तीस हजारांवर, आणि जाती 942. ज्या 338 जातींचा दीर्घकालीन कल काढता आला त्यांपैकी साठ टक्के जाती घटल्या आहेत. मोर वाढले आहेत.

इथं एक जुना प्रश्न नव्या वेषात उभा राहतो. हे कुणाला कळलं? त्या तीस हजारांपैकी एकालाही हे स्वतःच्या नोंदींवरून माहीत नव्हतं. ज्यांनी आकडेमोड केली त्यांनी त्या सकाळी पक्षी पाहिले नव्हते. न्यायदर्शनात ज्ञान हा आत्म्याचा गुण आहे. ते कुणा एका जाणणाऱ्याच्या ठायी असतं. मग तीन कोटी नोंदींतून उपजलेलं हे ज्ञान कुठल्या आत्म्यात राहतं? मीमांसकांकडे याचं एक चतुर उत्तर निघू शकेल. वेदांना कर्ता नाही, ते अपौरुषेय आहेत, म्हणून कर्त्याचे दोष त्यांना लागत नाहीत, असं ते म्हणत. नकाशावर रंगीत ठिपके झाले की आजच्या आकडेवारीलाही असाच अपौरुषेय मुलामा चढतो. ‘डेटा सांगतो’ असं म्हटलं की बोलणारा माणूस नाहीसा होतो. पण दीर्घिकांच्या उलट्या चित्रांनी दाखवलं तसं, प्रत्येक ठिपक्यामागे एक डोळा असतो आणि डोळ्याला सवयी असतात.

आणि तो डोळा कुठं राहतो? स्मार्टफोन, सुट्टी, दुर्बीण आणि इंग्रजी नावांची ओळख असलेला माणूस बहुधा शहरात राहतो. पुणे, मुंबई, बंगळूरभोवती नोंदींची दाटी आहे. मध्य भारतातल्या जंगलांचे मोठाले पट्टे त्या मानानं विरळ. तिथं पाहणारे नाहीत असं थोडंच आहे? तिथं दिवसरात्र रानात वावरणारे लोक आहेत. त्यांनी पाहिलेलं आहे, आणि विचारलं तर पाहिलं तसं सांगायची तयारीही आहे. पण त्यांच्या सांगण्यासाठी यादीत रकाना नाही. वात्स्यायनानं म्लेच्छाला आप्त म्हटलं तेव्हाही शूद्राला वेद ऐकण्याची मुभा नव्हती. व्याख्येत दार उघडं आणि अंगणाला कुंपण, हा प्रकार तेव्हापासूनचा.

कुंपण ओलांडायचे प्रयत्न झाले आहेत. पुण्यात वाढलेले परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी 1990च्या दशकापासून लोकांच्या जैवविविधता नोंदवहीची कल्पना लावून धरली: गावातल्या माणसांनी आपल्या परिसरातली झाडं, मासे, पाखरं आणि त्यांत झालेले बदल स्वतःच्या ज्ञानावरून लिहायचे. 2002च्या जैवविविधता कायद्यात आणि त्याखालच्या नियमांत गावोगावच्या समित्यांची आणि त्या वहीची सोय झाली. पुढे राष्ट्रीय हरित लवादानं जानेवारी 2020ची मुदत आणि दंडाची तंबी दिली, तेव्हा देशभर घाईघाईनं वह्या भरल्या गेल्याची टीका झाली. पाहणाऱ्याला न विचारता लिहिलेली साक्ष, म्हणजे कर्नलच्या चिठ्ठीचा सरकारी अवतार.

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावानं दुसरा रस्ता घेतला. 2009 मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या या गावात त्याच्या कितीतरी आधीपासून अभ्यासगट चालत आले आहेत. एखादा प्रश्न पडला की गावातले लोक आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसतात, माहिती गोळा करतात, चर्चा करतात आणि मग ग्रामसभा ठरवते. मध काढताना पोळं जाळण्याची आणि माश्या मारण्याची जुनी रीत का सोडावी आणि त्याऐवजी काय करावं, याचा अभ्यास अशाच गटानं केला. तिथं प्रश्नही गावाचा आणि तपासणीही गावाची.

बहुतेक सिटिझन सायन्स प्रकल्पांत प्रश्न शास्त्रज्ञाचा असतो, रकाने त्याचे असतात, आणि लोकांनी फक्त ते भरायचे असतात. ही तक्रार जुनी आहे आणि रास्तही आहे. पण तिला एक पोटप्रश्न आहे, जो मेंढ्यासारख्या गावांनाही चुकत नाही. गावाचा अभ्यास एका गावाच्या जंगलापुरता खरा असतो. चिमणी देशात घटते आहे की नाही, हे एका गावाला, मग ते कितीही शहाणं असो, कळू शकत नाही. त्यासाठी हजारो ठिकाणच्या साक्षी एकाच साच्यात बसवाव्या लागतात, आणि साचा आला की कुणाचं तरी बोलणं त्यात मावत नाही. सातपुड्यातल्या एखाद्या पावरा आदिवासी म्हाताऱ्याला रानपिंगळ्याची हाक माहीत असेल, तो कुठल्या झाडाच्या ढोलीत राहतो हेही माहीत असेल. पण तारीख, वेळ, चाललेलं अंतर आणि ‘सगळे पक्षी लिहिलेत का’ या रकान्यांत त्याची साक्ष कशी भरायची, यावर अजून कुठल्याही चाळणीकडे उत्तर नाही.